गाळाचा हिशेब कोण ठेवणार?

(द्वितीय वर्ष कला)

पावसाळ्याच्या दिवसांत वर्तमानपत्र उघडले की एक चौकट हमखास दिसते. भाटघर इतके टक्के, नीरा देवघर इतके टक्के, गुंजवणी इतके, वीर इतके. आमच्या गावच्या पारावर सकाळी हीच चर्चा असते. ज्यांना अक्षरओळख नाही अशी म्हातारी माणसेसुद्धा "भाटघर किती झालं रं?" असे विचारतात आणि कुणीतरी आकडा सांगतो. तो आकडा ऐकून पुढच्या वर्षाचे बेत ठरतात. ऊस ठेवायचा की मोडायचा, मुलीचे लग्न यंदा करायचे की पुढे ढकलायचे, इथपर्यंत. पाण्याचा हिशेब आपल्या हाडीमासी खिळलेला आहे.

पण त्याच नदीतून पाण्याच्या जोडीने माती येते, वाळू येते, गोटे येतात. "यंदा नदीने गाळ किती आणला?" असे पारावर कुणी विचारलेले मी ऐकलेले नाही. तो जणू पाण्याबरोबर आलेला आगंतुक पाहुणा! त्याची विचारपूस नाही, नोंद नाही. माझ्या मते ही मोठी चूक आहे. आणि ती दुरुस्त करण्याची सुरुवात आपल्यासारख्या ग्रामीण भागातील कला महाविद्यालयातून होऊ शकते, असे मला मनापासून वाटते. विषय रुक्ष वाटेल. पण वाचकांनी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

हा विषय मला पुस्तकात सापडला नाही. तो आमच्या बांधावर आला. आमची थोडीशी जमीन नीरेच्या काठी, एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे. या बंधाऱ्याची रचना सर्वांना ठाऊक आहे. नदीत दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात, खांबांना खाचा असतात आणि पावसाळा संपला की त्या खाचांत ढापे बसवून पाणी अडवतात. पुढचा पावसाळा तोंडावर आला की ढापे काढायचे, म्हणजे पुराचे पाणी मोकळे निघून जाते. मी आठवीत असताना एका वर्षी ढापे वेळेवर निघाले नाहीत. पाऊस लवकर आला. नदीला समोरून वाट मिळेना, तशी तिने बंधाऱ्याच्या कडेने वाट काढली. आमच्या काठाचा एक पट्टा एका रात्रीत गेला. त्यात आजोबांनी लावलेली जांभळही गेली. पुढे ढापे निघाले तेव्हा बंधाऱ्याच्या वर साठलेला गाळ खाली सरकला आणि आमच्या पुढ्यातले पात्र उथळ झाले. पात्र उथळ झाल्यावर पाणी काठाला धडका देणारच. दरवर्षी थोडा थोडा काठ जातच राहिला.

गावात दोन तट पडले. काहींच्या मते दोष बंधाऱ्याचा, काहींच्या मते वाळू उपसणाऱ्यांचा. वडील एका कचेरीत अर्ज घेऊन गेले. मी बरोबर होते, कारण अर्ज मीच लिहिला होता. तिथल्या साहेबांनी बसायला सांगितले, पाणी दिले आणि विचारले, "पूर्वी काठ कुठे होता, नदीचा तळ किती खोल होता, याचे काही मोजमाप आहे का?" वडील म्हणाले, "साहेब, पूर्वी उन्हाळ्यात घाटाच्या आठ पायऱ्या उघड्या असायच्या. आता पाचच दिसतात. तीन गाळात गेल्या." साहेब हसले नाहीत, पण त्यांनी ते लिहूनही घेतले नाही. आम्ही परत आलो. त्या अर्जाचे पुढे काही झाले नाही.

या गोष्टीला पाच वर्षे झाली. गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी फळ्यावर नदीचा आडवा छेद काढला. दोन्ही काठांवर दोन पक्क्या खुणा, त्यांच्यामध्ये ताणलेली दोरी आणि दोरीपासून तळापर्यंत घेतलेली मापे. "हीच मापे काही काळाने पुन्हा, त्याच जागी घेतली, की तळ उचलला की खचला ते कळते," असे सर म्हणाले. मी वहीत आकृती उतरवीत होते आणि एकदम मला घाटाच्या पायऱ्या आठवल्या. पक्की खूण होती, ठरलेला हंगाम होता, खोलीतला फरकही होता. वडिलांनी त्या दिवशी कचेरीत जे सांगितले ते मोजमापच होते! फक्त ते कुठे लिहिलेले नव्हते, त्यावर तारीख नव्हती, आणि सांगणाऱ्याच्या अंगावर शहरी कपडे नव्हते. मला वाईट वाटले ते साहेबांच्या वागण्याचे नव्हे. शाळेत जाणारी मी घरात असूनही ते आधी कधी लिहून ठेवले नाही, याचे वाटले.

वाचक म्हणतील, एका बंधाऱ्याचे आणि चार गुंठ्यांचे हे गाऱ्हाणे. त्यात सर्वांनी लक्ष घालावे असे काय आहे? म्हणूनच थोडे मोठ्या प्रमाणावर पाहू.

धरण हे केवळ पाण्याचे कोठार नाही. ते गाळाचेही कोठार आहे. वेगाने येणारी नदी जलाशयात शिरली की तिचा वेग मोडतो. हातातले ओझे जड झाले की माणूस जसे आधी जड गाठोडे खाली टाकतो, तशी नदी आधी गोटे आणि जाड वाळू टाकते. त्यांचा ढीग फुगवट्याच्या टोकाला साचतो. बारीक माती पुढे जाते आणि सावकाश भिंतीच्या दिशेने बसत राहते. धरण बांधताना तळाशी काही जागा गाळासाठी धरलेली असते, तिला मृत साठा म्हणतात. पण गाळ काही आपण नेमून दिलेल्या खोलीतच जाऊन बसत नाही. त्यातला बराचसा वरच्या, उपयोगी साठ्यातच बसतो. उलट धरणाच्या खाली जे पाणी सुटते ते गाळावाचून सुटते. अभ्यासक त्याला 'भुकेले पाणी' म्हणतात. आपले ओझे हरवलेले ते पाणी खालच्या पात्रातली वाळू आणि काठ खाऊन ओझे पुन्हा भरून घेऊ पाहते.

आता हे कोठारच उघडले तर? धरण गेले, किंवा काढले, तर वर्षानुवर्षे साचलेला गाळ कुठे जातो, किती दिवसांत जातो आणि वाटेत कुणाचे काय करतो? हा प्रश्न आपल्या भागाला परका नाही. शेजारच्या वेल्हे तालुक्यात, ज्याचे नाव आता राजगड झाले आहे, आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी ते फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याला आले आणि १८७९ साली पूर्ण झालेल्या त्या दगडी धरणालाही त्याच दिवशी भगदाड पडले. पुढे पुण्यात मुठेने काय केले ते महाराष्ट्राला माहीत आहे. पुढे चौकशी झाली, धरण का फुटले यावर वर्षानुवर्षे वाद झाला, आणि दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली.

परंतु जरा वेगळ्या नजरेने त्या दिवसाकडे पाहा. पानशेत नवे होते. त्याच्या पोटात गाळ फारसा नव्हता, पण धरणाचा बांधच मातीचा होता आणि त्यातली फुटलेल्या भागाची माती नदीत गेली. खडकवासला मात्र ८२ वर्षांचे होते. दर पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावरून आलेली माती ८२ वर्षे तिथे बसत होती. एका दिवसात दोन नद्यांना दोन प्रकारचा गाळ मिळाला. पुण्यातील जुनी माणसे पाणी कुठवर चढले होते ते भिंतीला हात लावून दाखवतात. घराघरांतून पाट्यांनी उपसलेल्या चिखलाच्या आठवणीही सांगतात. म्हणजे पाण्याची उंची लोकांनी लक्षात ठेवली आणि गाळ उपसून टाकला. आपली रीतच ही आहे. गाळ हा टाकून द्यायचा पदार्थ, लक्षात ठेवायचा नव्हे.

कुणी म्हणेल, ही जुनी कथा झाली. पण २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. धरण लहान होते. शोक लहान नव्हता. धरणेही माणसांसारखी म्हातारी होतात. आपले भाटघर १९२० च्या दशकात बांधून पूर्ण झाले. त्याची शंभरी आता दाराशी आली आहे. देशात धरण सुरक्षेचा कायदा २०२१ साली झाला, तो उगाच नव्हे. माझा कुणाला घाबरवण्याचा हेतू नाही. भाटघर पाडा, असे तर मी मुळीच म्हणत नाही. वेळवंडीचे ते पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूरला आणि उजव्या कालव्याने खंडाळा, फलटण, माळशिरसला जाते. लाखो लोकांचे पोट त्यावर आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, ज्या वस्तूचे आयुष्य संपायचे आहे तिच्या उतारवयाचा विचार आधी करावा. आणि विचार करायचा तर हातात आकडे हवेत.

असे आकडे जमवता येतात काय? येतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एल्व्हा नावाची नदी आहे. तिच्यावर दोन धरणे होती. त्यातले वरचे, ग्लाइन्स कॅन्यन, १९२७ सालचे, म्हणजे साधारण आपल्या भाटघरच्या वयाचे. नदीकाठच्या क्लॅलम या आदिवासी जमातीचा, त्यांच्या सामन माशांची वाट अडवणाऱ्या धरणांना विरोध होता. अखेर २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे टप्प्याटप्प्याने काढण्यात आली. त्यांच्या मागे साचलेला गाळ सुमारे २ कोटी १० लाख घनमीटर होता. हा आकडा आपल्याला पटकन कळत नाही. म्हणून मी तो आपल्या भाषेत आणून पाहिला. जवळजवळ पाऊण टीएमसी! ब्रासमध्ये सांगायचे तर सुमारे ७४ लाख ब्रास. ट्रॅक्टरच्या खेपा ज्याने मोजल्या आहेत, त्याने डोळे मिटून हे चित्र आणावे.

तिथल्या शास्त्रज्ञांनी धरण काढण्याच्या आधीच नदी मोजून ठेवली होती. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आडवे छेद आधी घेतले, विमानातून छायाचित्रे आधी घेतली, म्हणून नंतरच्या मापांना अर्थ आला. पाण्यातून तरंगत जाणारी माती ते पाण्याचा गढूळपणा मोजणाऱ्या उपकरणांनी मोजत होते. तळावरून घरंगळत जाणारे गोटे मोजण्यासाठी त्यांनी नदीच्या आडव्या भिंतीवर लोखंडी पत्रे बसवले. गोटा पत्र्यावर आपटला की खालचे यंत्र त्या धडकेची नोंद करी. अंगणात पत्र्याच्या छपरावर गारा पडल्या की आजी आवाजावरूनच लहान की मोठ्या ते सांगते. त्यातलाच हा प्रकार. अशा मापांवरून असे दिसून आले की, पाच वर्षांत साठलेल्या गाळापैकी सुमारे ६५ टक्के सुटला आणि सुटलेल्यातला जवळजवळ ९० टक्के समुद्रापर्यंत गेला. पात्रात राहिला तो सुमारे दहावा हिस्साच. मध्यंतरी गाळाने खालच्या भागातील पाणी घेण्याच्या यंत्रणेला त्रास होऊ लागला, तेव्हा धरण काढण्याचे काम थांबवून यंत्रणा सुधारण्यात आली. मोजत होते म्हणून थांबता आले. आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण पुढच्याला ठेच कुठे लागली हे कुणी सांगितले नाही, तर मागचा शहाणा होणार कसा?

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आपल्याकडे कुठून येणार असली यंत्रे? त्याला माझे उत्तर असे की, मोजणीचे मूळ यंत्रात नाही, नियमितपणात आहे. गोटे मोजण्याची एक पद्धत वोलमन नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९५४ साली मांडली. कोरड्या पात्रात एकेक पाऊल टाकत चालायचे, दर पावलाला न बघता अंगठ्यापाशी बोटाला लागेल तो दगड उचलायचा, त्याची मधली जाडी पट्टीने मोजायची आणि लिहायची. असे शंभर दगड झाले की त्या ठिकाणचा तळ कसा आहे ते कळते. पुढच्या वर्षी त्याच जागी दगड बारीक लागले तर वरून नवा गाळ आला असे समजावे; जाड लागले तर बारीक माल वाहून गेला. याला शाळकरी पट्टी आणि वही पुरते.

दुसरा आक्षेप असा की, हे काम सरकारचे आहे. खरे आहे, आणि सरकार ते काही प्रमाणात करतेही. केंद्रीय जल आयोग मोठ्या नद्यांवर निवडक ठिकाणी गाळ मोजतो. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून धरणांत गाळ किती भरला याचा अंदाज काढते. आणि खडकवासल्याला, म्हणजे आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर, १९१६ साली सुरू झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिथे नद्या-धरणांच्या लहान प्रतिकृती करून पाण्याचा आणि गाळाचा अभ्यास चालतो. परंतु या मोठ्या संस्थांची नजर मोठ्या नद्यांवर आणि मोठ्या धरणांवर असणार. आमच्या गावच्या घाटाची सहावी पायरी मोजायला दिल्लीहून कोण येणार? ती आपणच मोजायची.

२०१७ साली राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, ती चांगली आहे. तलावातला गाळ शेतात गेला की तलावही खोल होतो आणि पडीक माळही पिकतो. पण त्यातही आपण किती ब्रास काढला याची नोंद ठेवतो. दरवर्षी नवा किती आला याची ठेवत नाही. पैसे किती खर्चले ते लिहायचे आणि कमाई किती झाली ते लिहायचे नाही, अशी वही कोणता व्यापारी ठेवील?

तिसरा आक्षेप आमच्या वर्गातूनच आला. "आपण कला शाखेचे. हे इंजिनिअरचे काम." हे ऐकून मला हसू आले आणि रागही आला. भूगोल कला शाखेत आहे, इतिहास कला शाखेत आहे, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलून त्याच्या तोंडून पन्नास वर्षांपूर्वीची नदी काढून घेण्याचे काम जर कला शाखेचे नसेल तर कुणाचे? इंजिनिअर आज तळ किती आहे ते सांगेल. पूर्वी तो कुठे होता, हे फक्त आपल्या आजोबांना माहीत आहे.

आणि आपल्या भागात तर निसर्गाने व इतिहासाने मोजपट्ट्या आयत्याच ठेवल्या आहेत. भाटघरच्या पाण्यात वेळवंड खोऱ्यातले कांबरेश्वराचे मंदिर वर्षातले बहुतेक महिने बुडालेले असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. आपणही जातो, फोटो काढतो, परत येतो. त्या मंदिराच्या जोत्यापाशी गाळाचा थर किती आहे हे दरवर्षी एकाच दगडापासून मोजून लिहिले असते, तर आज आपल्या हाती किती मोलाची वही असती! देवाच्या पायाशी नदी आपला हिशेब मांडून ठेवते आणि आपण फक्त नमस्कार करून येतो.

त्याहून महत्त्वाचा आहे आपला बंधारा. एल्व्हा नदीवर जे एकदाच घडले, ते लहान प्रमाणावर आपल्या बंधाऱ्यांवर दरवर्षी घडते. ढापे काढणे म्हणजे एक छोटेसे धरण काढणेच. मागे साचलेला गाळ सुटतो, खाली सरकतो, कुठेतरी बसतो. परदेशात अशी संधी एखाद्या अभ्यासकाला आयुष्यात एकदा मिळते. आपल्याला दर जून महिन्यात मिळते आणि आपण ती दर जून महिन्यात घालवतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघींनी आमच्या बंधाऱ्यावर थोडा प्रयत्न करून पाहिला. सुताची दोरी घेतली, तिला दर मीटरला गाठ मारली, बांबूवर खुणा केल्या. काही गोटे पिवळ्या रंगाने रंगवून बंधाऱ्याखाली ओळीत मांडले. ते कुठवर जातात ते पाहायचे होते. प्रामाणिकपणे सांगते, आमची फजिती झाली. भिजल्यावर दोरी आखडली आणि गाठींचे अंतर बदलले. काठावर ठोकलेली लाकडी खुंटी कुणीतरी चुलीला नेली. गोटे तर पावसाळ्यानंतर बहुतेक सापडलेच नाहीत. जे सापडले त्यांचा रंग इतका उडाला होता की ते आमचेच का, यावर आमच्यात भांडण झाले. गावातली मुले आम्हांला "गोटेवाल्या" म्हणू लागली ती वेगळीच. परंतु या फजितीतून आम्ही तीन गोष्टी शिकलो. दोरी सुताची नको, तारेची किंवा न ताणणाऱ्या फितीची हवी. खूण लाकडाची नको, खडकावर छिन्नीने कोरलेली किंवा काँक्रीटमध्ये पुरलेली हवी. आणि गोट्यांना रंगाबरोबरच छिद्र पाडून नंबर हवा. पुढच्या वर्षीच्या मुलींनी या तीन चुका पुन्हा करू नयेत, म्हणून तरी हे इथे छापून यावे.

तेव्हा माझी सूचना अशी. आपल्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने एक बंधारा निवडावा. त्याच्या वरच्या बाजूस दोन आणि खालच्या बाजूस दोन, असे चार छेद कायमचे ठरवावेत. वर्षातून दोनदा मापे घ्यावीत. एकदा मे महिन्यात ढापे निघण्यापूर्वी, आणि एकदा पूर ओसरल्यावर, ढापे बसण्यापूर्वी. प्रत्येक छेदापाशी शंभर दगड मोजावेत. ठरलेल्या एकाच जागेवरून एक छायाचित्र घ्यावे. ढापे कोणत्या तारखेला निघाले आणि कोणत्या तारखेला बसले हेही लिहावे, कारण आमच्या काठाचे भवितव्य त्या तारखेवरच ठरले होते. काठावरच्या वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या पायऱ्या, जुने डोह, जुने उतार यांची टिपणे करावीत आणि सांगणाऱ्याचे वय लिहावे. हे सारे एका जाड वहीत लिहून ती वही ग्रंथालयात ठेवावी. कुणाही गावकऱ्याला ती बघायला मिळावी. पावसाळ्यात किंवा धरणातून पाणी सोडलेले असताना कुणीही पात्रात उतरू नये, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. मापापेक्षा माणूस मोठा.

यातून लगेच काही सिद्ध होणार नाही, हे मी जाणते. पी हळद आणि हो गोरी, असे हे काम नाही. एका वर्षाचा आकडा मुका असतो. पाच वर्षांचे आकडे कुजबुजू लागतात. दहा वर्षांनी कुणा शेतकऱ्याचा काठ गेला, तर तो आपल्या महाविद्यालयात येईल, वही उघडेल आणि कचेरीत जाऊन सांगेल की अमुक साली तळ इथे होता, तमुक साली इथे. कदाचित दोष बंधाऱ्याचा निघेल, कदाचित वाळू उपशाचा, कदाचित आमचाच, कारण आम्ही काठावरची झाडे तोडली. जे निघेल ते खरे मानायची तयारी हवी. भांडण तुटेल की नाही ते सांगता येत नाही, पण निदान ते आवाजावर न चालता आकड्यांवर चालेल.

आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहेत. शिकून आपण गावासाठी काय करणार, असे समारंभांत आपल्याला विचारले जाते आणि आपण मोठमोठी उत्तरे देतो. मला एक लहान उत्तर सुचले आहे. आपल्या वडिलांना जे ठाऊक आहे, ते तारीख घालून लिहावे.

परवा मी वडिलांना घाटावर घेऊन गेले. पाचव्या पायरीच्या कडेला त्यांनी छिन्नीने एक आडवी रेघ मारली, मी तिच्यापासून गाळापर्यंतचे अंतर मोजले आणि वहीत लिहिले. ते म्हणाले, "आता हे पुढच्या वर्षी पण लिहायचं ना?" मी हो म्हटले. या अंकाच्या वाचकांपैकी कुणाच्या गावाला घाट असेल, बंधारा असेल, नदीत पाय ठेवून उभे असलेले देऊळ असेल, तर त्यांनीही एक रेघ मारावी आणि तारीख लिहावी, एवढीच विनंती.